उद्याच्या तारखेचं पत्र

आमच्या वसईत 'आज तारीख किती?' ह्या साध्या प्रश्नाला एके काळी दोन उत्तरं होती, आणि दोन्ही बरोबर होती. तुम्ही वसईच्या कोटात उभे असलात तर एक, आणि होडीत बसून मुंबईत उतरलात तर दुसरं. फरकही थोडाथोडका नाही; आधी दहा दिवसांचा, पुढे अकरा. म्हणजे वसईच्या माणसाने बारा तारखेला पत्र लिहून मुंबईला धाडलं आणि ते दोन दिवसांत पोचलं, तर मुंबईचा साहेब ते चार तारखेला फोडायचा. पत्र लिहिण्याच्या आधी आठ दिवस!

आता तुम्ही म्हणाल, हे कालच आमच्याकडे झालं. ई-मेल उघडली तर ती उद्याच्या तारखेची. बरोबर आहे. तोच आजार आहे. फक्त आमच्याकडे तो जुना आहे.

ह्या विषयात मला थोडी गती आहे असा भुईगावात समज आहे. समुद्राकडच्या अंगाला आमचं गाव. वाड्या, विहिरी, आणि वाड्या संपल्या की सुरूचं बन आणि पलीकडे खारं पाणी. इथली केळी, पानं, फुलं पहाटेच्या गाडीने दादरला जातात, आणि गावातली मुलं जरा उशिराच्या गाडीने अंधेरी-गोरेगावच्या कचेऱ्यांत. नोकरीत माझी बरीच वर्षं संगणकासमोर गेल्यामुळे निवृत्तीनंतर ज्याचा ई-मेल अडकला, ज्याचं कॅलेंडर भलत्याच दिवशी वाजलं, तो फोन घेऊन माझ्या ओटीवर येतो. पूर्वी गावात असा माणूस हाड बसवणारा असे. तो निदान तेल चोळून घेई; माझ्याकडे तेवढाही खर्च नाही.

ह्या ओटीवरच्या दवाखान्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दहातल्या सहा तक्रारींचं मूळ एकच असतं. पत्र हरवलेलं नसतं, यंत्र बिघडलेलं नसतं. दोन ठिकाणच्या दोन माणसांनी तारीख किंवा वेळ वेगवेगळ्या पंचांगाने मोजलेली असते. आणि हे भांडण आमच्या वसईएवढं सविस्तर दुसरीकडे क्वचितच झालं असेल, म्हणून हा इतिहास.

पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ साली. पुढे १५८२ साली रोमच्या तेराव्या ग्रेगरी पोपच्या लक्षात आणून देण्यात आलं, की जुलियस सीझरच्या वेळेपासून चालत आलेलं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी लांब आहे. अकरा मिनिटं म्हणजे काय हो? विरार लोकलला एवढा उशीर झाला तर कुणी मान वर करून पाहत नाही. पण दीड हजार वर्षांत त्या मिनिटांचे कित्येक दिवस झाले, आणि ईस्टरचा सण ऋतूच्या पुढे सरकायला लागला. तेव्हा पोपने हुकूम काढला: गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर. मधले दहा दिवस रद्द. स्पेन आणि पोर्तुगालने लगेच मानलं. आविलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री वारली. म्हणून तिचा सण पंधरा ऑक्टोबरला. दहा दिवस नव्हतेच, त्याला ती तरी काय करणार!

वसई तेव्हा पोर्तुगालच्या राजाची, म्हणजे हा बदल आपसूक आमच्याकडेही लागू. मात्र लिस्बनहून निघालेलं गलबत गोव्याला लागायला सहा महिने. हल्ली 'अपडेट' उतरायला दहा मिनिटं लागली तर लोक फोन माझ्या अंगावर टाकून जातात. त्यांना मी हे सहा महिने सांगतो.

इंग्रजांनी मात्र हे अपडेट घेतलं नाही. पोपचं आहे ना, मग नको. सूर्याशी वैर पत्करू पण पोपचं ऐकणार नाही, असा तो बाणा. आणि तो त्यांनी १७५२ सालापर्यंत निभावला. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर नवं वर्ष लागायचं २५ मार्चला. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे चोवीस दिवस वसईत एक साल आणि इंग्रजांच्या वहीत आदलं साल.

ह्याची पहिली गंमत झाली मुंबईच्या देण्याघेण्यात. पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि मुंबई आंदणात गेली, हे शाळेत शिकलो. प्रत्यक्ष ताबा मिळाला तो पोर्तुगीज कागदाप्रमाणे १८ फेब्रुवारी १६६५ ला. त्याच दिवशी, त्याच जागी, शेजारी उभ्या असलेल्या इंग्रजाच्या हिशेबाने तारीख होती ८ फेब्रुवारी, आणि साल १६६४! म्हणजे देणाऱ्याने मुंबई एका वर्षी दिली आणि घेणाऱ्याने ती आदल्या वर्षी घेतली. आमच्या इकडे सात-बाराच्या उताऱ्यावर एवढी तफावत असती तर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

त्या दिवसापासून माहीमच्या खाडीवर तारखेची सीमा आली. अलीकडे वांद्रं, ते पोर्तुगीजांचं. पलीकडे माहीम, ते इंग्रजांचं. मधलं पाणी एवढंसं. वांद्र्याला नाताळ आटोपून कुणी होडीने माहीमला उतरला, तर तिथे अजून डिसेंबरची पंधरावी. सावकाराला टाळायचं असेल तर ह्याहून सोयीची खाडी नाही. उलट मुदतीची हुंडी वटवायची असेल तर घात! वांद्र्याहून माहीमला जाणाऱ्याला आजही सिग्नलवर दहा दिवस गेल्यासारखं वाटतं, पण तो प्रकार वेगळा.

मग त्या लोकांनी केलं काय? आज आपण जे करायला कंटाळतो तेच. इंग्रज कारकून पत्राच्या माथ्यावर साल जोडीने लिहायचे, १७३८/९ असं. तारखेपुढे 'जुनी रीत' किंवा 'नवी रीत' अशी खूण करायचे. आपली तारीख कुणाची आहे हे सांगितल्याशिवाय ती तारीखच नव्हे, एवढं त्यांना पटलेलं होतं.

आता आपली ई-मेल पाहा. तिच्या पोटात, सहसा कुणी उघडत नाही अशा जागी, एक ओळ असते. तीत तारीख, वेळ आणि पुढे 'अधिक ०५३०' असा आकडा. म्हणजे ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. ही आजची 'नवी रीत'. ही ओळ लिहितं कोण? तर बहुधा पाठवणाऱ्याचं यंत्र, स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. त्याचं घड्याळ चुकलं की तुमच्याकडे पत्र उद्याचं येतं, नाही तर दहा वर्षांपूर्वीचं. दहा वर्षांपूर्वीचं असलं तर ते यादीच्या तळाशी जाऊन बसतं आणि तुम्ही म्हणता 'आलंच नाही'. माझ्या ओटीवर आलेल्या हरवलेल्या पत्रांपैकी निम्मी अशी तळाशी सापडली आहेत. काही तर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच, ह्या मुहूर्ताची होती. पुष्कळशा संगणकांचं कालगणन १९७० च्या आरंभापासून, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून सुरू होतं. तारीख ठाऊक नसली की यंत्र शून्य लिहितं, आणि ते शून्य भारतात पहाटे साडेपाचला उगवतं. आमच्याकडे त्या वेळी दादरच्या गाडीला पानांच्या करंड्या चढून गेलेल्या असतात.

शेजारच्या बागाईतदार काकांचा जुना संगणक एकदा एकाएकी ई-मेल दाखवीनासा झाला. 'सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही' असं काहीतरी म्हणायला लागला. काकांना वाटलं, महापालिकेचं काही राहिलं. (२००९ साली आम्ही महापालिकेत गेलो आणि २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्ह्यात, तेव्हापासून सर्टिफिकेट हा शब्द ऐकला की गावाचा हात आधी कपाटाकडे जातो.) भानगड एवढीच होती, की संगणकाच्या पोटात रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं एवढंच तिचं काम. ती खाऱ्या हवेने म्हणा, वयाने म्हणा, संपली होती. वीज गेली, आली, आणि संगणक काही वर्षं मागे जाऊन उभा राहिला. तिकडच्या यंत्राने आजचा परवाना दाखवला. काकांचं यंत्र म्हणालं, हा परवाना तर पुढच्या काळातला, मी नाही उघडत दार. त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच होतं. बॅटरी बदलली, तारीख लावली, दार उघडलं. काकांनी मला केळ्यांचा लोंगर दिला आणि बॅटरीच्या किमतीबद्दल दुकानदाराला शिव्या दिल्या.

पण वसईतल्या ज्या पत्रव्यवहाराबद्दल मला खरं सांगायचं आहे, त्यात केळी नव्हती.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. ठाणं आणि साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्येच घेतली होती. फेब्रुवारीत वेढा आवळला. आत दाणागोटा, दारू, पैसा सगळं संपत चाललेलं. किल्लेदार मारला गेला, त्याच्या जागी कायतानो द सोझा परेरा आला. त्याने मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. मुंबईकरांनी १५,००० रुपये दिले, पण उसने, आणि तारण ठेवून: देवळांतली चांदीची भांडी आणि पितळी तोफा. शेजारधर्म असावा तर असा!

आता हा पत्रव्यवहार डोळ्यांसमोर आणा. कोटातून निघणारं पत्र नव्या रीतीचं, मुंबईत पोचतं तिथे जुनी रीत. 'अमुक तारखेपर्यंत तग धरू' असं वसईच्या माणसाने लिहिलं, तर मुंबईच्या मेजावर ती तारीख अजून अकरा दिवस लांब. (१७०० साल जुन्या रीतीत लीप होतं, नव्या रीतीत नव्हतं, म्हणून दहाचे अकरा झाले.) दोन्हीकडचे कारकून मुरलेले होते, तेव्हा घोटाळा होऊ दिला नसणार. पण तटाला सुरुंग लागत असताना कुणीतरी बोटांवर अकरा मोजत बसलं होतं, हे मनातून जात नाही.

आणि भिंतीच्या बाहेर तिसरंच कॅलेंडर चालू. मराठी छावणीच्या पत्रांत शके १६६१ आहे, वैशाख आहे. शिवाय दफ्तरी व्यवहारासाठी सुहूर सन, तोही अरबी आकड्यांच्या नावांनी: 'तिसा सलासीन मया व अलफ'. नऊ, तीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११३९. महिना मुसलमानी, चंद्राचा. तारखेच्या आधी 'छ' हे अक्षर. आणि हे साल बदलायचं केव्हा, तर सूर्य मृगात गेला की. शेतकऱ्याच्या सोयीचं साल. छावणीला मृगाची धास्ती दुहेरी: तो लागला की साल बदलणार आणि पाऊस धरला की वेढा उठवावा लागणार.

मृगाच्या आत काम झालं. शरणागतीचा करार पोर्तुगीज तारखेने १६ मे १७३९ ला झाला आणि आठ दिवसांची मुदत संपून २३ मे ला किल्ला मराठ्यांकडे आला. हेच दोन दिवस इंग्रजी कागदांत ५ मे आणि १२ मे. दोन्ही तारखा पुढे पुस्तकांत उतरल्या, कारण एका इतिहासकाराने एक कागद पाहिला, दुसऱ्याने दुसरा. गावच्या प्रश्नमंजूषेत ह्यावरून एकदा दोन शिक्षकांत जुंपली होती. वसई १२ मेला मिळाली की २३ मेला? दोघांनीही पुस्तक आणून दाखवलं. परीक्षकाने दोघांना अर्धा-अर्धा गुण दिला, आणि अकरा दिवस कुठे गेले ते कुणीच विचारलं नाही.

हा प्रकार वसईपुरता नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ह्या तारखा जुन्या रीतीच्या आहेत. आजच्या कॅलेंडरप्रमाणे त्या १ मार्च आणि १६ जून येतात. जयंती तारखेने की तिथीने, हा वाद महाराष्ट्रात आहे तेवढा पुरे. 'कुठल्या तारखेने' हे तिसरं लाकूड मी त्यात सारत नाही.

शिवाय आपल्या जुन्या पत्रांत एक आणखी खोड. बऱ्याच पत्रांत साल नाहीच! नुसतं 'छ अमुक', महिना, आणि 'बहुत काय लिहिणे'. वाचणाऱ्याला साल ठाऊक, मग लिहायचं कशाला? शाई काय फुकट येते? राजवाड्यांपासून सरदेसायांपर्यंत मोठमोठ्या माणसांची वर्षंच्या वर्षं हे पत्र कुठल्या सालचं ते ताडण्यात गेली. 'उद्या सकाळी भेटू' असं लिहून पुढे ढकललेली ई-मेल आठ दिवसांनी हातात आली की मला राजवाड्यांची आठवण होते. उद्या म्हणजे कुठलं उद्या?

ह्या गुंत्यावर आपल्या लोकांनी एक अवजार काढलं होतं, आणि ते फार सुरेख होतं. त्याचं नाव जंत्री. मोडकांची जंत्री, खरे जंत्री. पानांमागून पानं नुसते आकडे: ह्या तिथीला ही इंग्रजी तारीख, हा मुसलमानी महिना, हा सुहूर सन, आणि हा वार. एका ओळीत चार कालगणना उभ्या. तुमच्या फोनमध्ये 'टाइम झोन' नावाचा पडदा उघडतो ना, त्याची ही आजी. फरक इतकाच, की जंत्री अडली तर बंद करून पुन्हा उघडावी लागत नसे.

जंत्रीतला शेवटचा रकाना, वाराचा, तो मला सर्वांत आवडतो. कारण ह्या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट कुणीच हलवली नाही: वार. पोपने दहा दिवस कापले तरी गुरुवारनंतर शुक्रवारच आला. १६ मे १७३९ वसईत शनिवार होता, ५ मे १७३९ मुंबईत शनिवारच होता, आणि छावणीतला जोशीबुवाही त्याच दिवसाला मंदवासर म्हणत होता. तिघांचं साल वेगळं, महिना वेगळा, तारीख वेगळी, शनिवार एक. म्हणून इतिहासकार तारखेची खातरी करतात ती वारावरून. हिशेबाने काढलेला वार आणि कागदावरचा वार जुळला नाही तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि गंमत अशी, की हे ई-मेलवाल्यांनाही सुचलं होतं. १९८२ साली ई-मेलच्या पत्राचा नमुना ठरवताना त्यांनी तारखेच्या आधी वार लिहायची सोय ठेवली. आणि नियमही केला, की वार लिहिलात तर तो तारखेशी जुळलाच पाहिजे. आपल्या बाजूने मात्र आपण वार सोडून दिला. 'मीटिंग ०३/०४' असं लिहिणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या माणसासाठी चार मार्च आणि आपल्यासाठी तीन एप्रिल लिहिलेलं असतं. 'शुक्रवार' एवढे चार अक्षरांचे कष्ट घेतले असते तर पंचाईत तिथेच मिटली असती.

संगणकातही हे जुनं भांडण जिवंत आहे. युनिक्स नावाच्या प्रणालीत महिन्याचं कॅलेंडर छापणारी एक छोटी आज्ञा आहे. तिला सप्टेंबर १७५२ मागितला, तर २ तारखेनंतर थेट १४ तारीख छापून देते. कारण त्या वर्षी इंग्लंडने एकदाचं अपडेट घेतलं. तिच्याकडून मे १७३९ मागा. ५ तारखेला शनिवार दाखवील, १६ ला बुधवार. म्हणजे ते यंत्र अजून मुंबईच्या बाजूने आहे. वसईचा कोट त्याला ठाऊक नाही.

वेळेचंही तेच. मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, मुंबई टाइम. ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे बसीन रोड स्टेशनात (वसई रोडचं तेव्हाचं नाव) गाडी एका घड्याळाने सुटायची आणि मुंबईत उतरलेल्या माणसाची कामं दुसऱ्या घड्याळाने चालायची. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एक वेळ दिली, तीच आपली साडेपाच तासांची. मुंबई महापालिकेने मान हलवली नाही. गिरणी कामगारही रागावले. एकोणचाळीस मिनिटं लवकर उठायचं कुणासाठी? महापालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटं मागेच चालली. महायुद्धात सरकारने देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती, ती वर्षं मोजायला तर वेगळी जंत्रीच हवी.

जगभरच्या संगणकांकडे गावोगावच्या वेळेची एक मोठी यादी असते. तीत आपल्या देशाची नोंद 'एशिया/कोलकाता' ह्या नावाने आहे. मागे जाल तर तीत कलकत्त्याची जुनी वेळ आहे, मद्रासची आहे, युद्धातला जादा तासही आहे. मुंबईची एकोणचाळीस मिनिटं नाहीत. १९७० नंतर ज्यांचं घड्याळ वेगळं राहिलं त्यांनाच वेगळी ओळ, असा त्यांचा नियम. एकोणपन्नास वर्षं अख्खं शहर ज्या वेळेसाठी भांडलं, ती वेळ कुठल्याच फोनला ठाऊक नाही. भुईगावचा असलो तरी ह्या बाबतीत मी मुंबईच्या बाजूचा आहे.

हे सगळं मी ओटीवर सांगतो, तेव्हा लोक ऐकून घेतात, कारण फोन माझ्या हातात असतो. पण एकदा मला सांगायला वेळ मिळाला नाही.

गल्लीतली एक मुलगी. हुशार, कष्टाळू, वडील वाडी करतात. तिला लंडनच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिली फेरी मार्चच्या मध्याला, संध्याकाळी साडेसातला, फोनवरच. उत्तम झाली. दुसरी दोन आठवड्यांनी, 'त्याच वेळी'. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांच्या शेजारी, लाल पेनाने लिहून ठेवलं: साडेसात, मुलाखत. त्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला मुलीचा फोन वाजायला लागला: पंधरा मिनिटांत मुलाखत! आईने भिंतीकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. लाल अक्षरात साडेसात. फोन बंद केला, तो पुन्हा वाजला. 'हा ऐन वेळी बिघडला' म्हणून मुलगी धावत माझ्याकडे आली. म्हणाली, काका, साडेसातच्या आत दुरुस्त करून द्या.

सहा चाळीस झाले होते. फोन उघडला आणि माझ्या पोटात धस्स झालं. फोनला काहीही झालेलं नव्हतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे जातात. लंडनचे दुपारचे दोन दोन्ही खेपांना दोनच होते. आमचे साडेसात तेवढे साडेसहा झाले होते. यंत्राने हा हिशेब बिनचूक केला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरला तो माहीत नव्हता, आणि आपला विश्वास भिंतीवर. ओटीवरच तिला बसवून जोडणी करून दिली. पलीकडे कुणी नव्हतं. थांबून गेले होते. तिने दिलगिरीचं पत्र लिहिलं, कारण दिलं. चार दिवसांनी सभ्य भाषेत उत्तर आलं, की जागा भरली.

आईला अजून वाटतं, फोन चांगला असता तर पोर लंडनला गेली असती. मुलगी आता गोरेगावला नोकरी करते, आणि कुणाचंही बोलावणं आलं की उलट टपाली विचारते: वार कुठला, आणि वेळ कुणाची? कचेरीत तिला थोडं विक्षिप्त समजतात असं ती सांगते.

मोठ्या माणसांचीही सुटका नाही म्हणा. १ जानेवारी २०२२ ला जगातल्या कितीतरी कचेऱ्यांचे ई-मेल जागच्या जागी थांबले. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज नावाच्या टपालव्यवस्थेत पत्रं तपासणारा जो पहारेकरी होता, तो तारीख एका लांब आकड्यात लिहायचा. साल बावीस लागलं आणि आकडा झाला २२०१०१०००१. त्याच्या खणात मावणारा मोठ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. पहारेकरी कोसळला आणि पत्रं दारात रांग लावून उभी. एकतीस डिसेंबरला काही नाही, एक तारखेला सगळं ठप्प. लोकांना वाटलं नव्या वर्षाची सुट्टी आहे.

हाच आकडा पुन्हा एकदा आडवा येणार आहे. १९७० पासून सेकंद मोजणारी जी जुनी यंत्रं आहेत, त्यांचा खण १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाने सकाळी आठ चव्वेचाळीस आणि सात सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला दुरुस्त न केलेलं यंत्र उलटं पडून डिसेंबर १९०१ मध्ये जाईल, म्हणजे मुंबई आणि मद्रासच्या घड्याळांचं भांडण ऐन रंगात असतानाच्या काळात. नवी यंत्रं बरीच सुधारली आहेत, पण जुनी कुठे कुठे भिंतीत गाडलेली आहेत ते सांगता येत नाही.

शेजारच्या काकांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावता लावता नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वार कुठला येतो?"

म्हटलं, "मंगळवार."

"मग आठ चव्वेचाळीसला काय होईल ते होऊ दे," काका म्हणाले, "आपला माल पहाटेच गेलेला असेल."